उपमा सुचली कोणाला? आलंकारिक भाषेतून पात्रे वाचण्याची एक रीत

दहावीच्या मराठीच्या परीक्षेत कवितेचे रसग्रहण लिहिताना आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये या तिन्ही अंगांनी लिहावे लागते, आणि त्यांतल्या दुसऱ्या अंगाशी आल्यावर पुष्कळ विद्यार्थी ‘येथे उपमा अलंकार सुंदर रीतीने साधला आहे’ एवढे एक वाक्य लिहून पुढे सरकतात. या वाक्यात चूक काढता येत नाही. परंतु ते कोणत्याही कवितेच्या उत्तरात जसेच्या तसे बसते, आणि जे कुठेही बसते ते समोरच्या कवितेविषयी काहीच सांगत नसते. ही सवय शाळेबरोबर सुटत नाही. पुढे कादंबरी वाचतानाही अलंकार हा कवितेचा विषय आणि स्वभावचित्रण हा कथेचा विषय, अशी वाटणी आपण मनाशी करून ठेवतो.

ही वाटणी मोडण्याची एक साधी रीत आहे. तुलना दिसली की तिचे नाव ओळखून थांबू नये. ती तुलना कोणाला सुचली आणि त्याला नेमके तेच उपमान, म्हणजे जिच्याशी तुलना केली ती वस्तू, का सुचले, असे विचारावे. पुढची उदाहरणे ठाणे आणि नवी मुंबई परिसरातली घेतली आहेत, कारण जी खाडी वाचकाने वाशीच्या पुलावरून येता-जाता पाहिली आहे, तिच्यावर रचलेली तुलना त्याला स्वतः पारखून घेता येते.

आधी सरळ अर्थ

पहिल्या वाचनात कोणताही गूढ अर्थ शोधू नये. शब्दांचा कोशातला, सरळ अर्थ, म्हणजे वाच्यार्थ, आधी पक्का करावा: कोण आहे, कुठे आहे, कोणती वेळ आहे, काय घडले. हे काम कंटाळवाणे वाटते, म्हणून ते टाळले जाते, आणि मग दोन पानांच्या कथेवर ‘एकाकीपणाचे प्रतीक’ असे मोठे बोल लावले जातात, पण कथेतला माणूस घरात आहे की फलाटावर हे मात्र सांगता येत नाही. सरळ अर्थ लावता लावता एखाद्या ठिकाणी तो अडतो. ती अडलेली जागा पेन्सिलीने खूण करून ठेवावी, कारण आलंकारिक भाषेचे दार बहुधा तिथेच असते.

संस्कृत काव्यशास्त्रात या अडण्याला ‘मुख्यार्थबाध’ असे फार नेमके नाव आहे. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित मम्मट यांनी ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात लक्षणेच्या, म्हणजे सरळ अर्थ अडल्यावर त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ देणाऱ्या शब्दशक्तीच्या, तीन अटी सांगितल्या: मुख्य अर्थाला बाध यावा, नवा अर्थ मुख्य अर्थाशी जोडलेला असावा, आणि तो रूढीने तरी आलेला असावा किंवा काही प्रयोजनाने तरी. ‘सगळा डबा हसला’ हे वाक्य घ्यावे. लोकलचा डबा हसत नाही, म्हणजे बाध आला. डबा आणि त्यातले प्रवासी यांचा संबंध उघड आहे. आणि असे बोलण्याची रूढी आहे. येथे फार खोल जाण्याचे कारण नाही. ‘आमचे घर खाडीवर आहे’ हे वाक्य मात्र वेगळे. शास्त्रात ‘गंगेवर गवळीवाडा’ असे जे जुने उदाहरण देतात, त्याच्याच जातीचे हे आहे. घर पाण्यावर उभे नसते, काठावर असते. तरीही बोलणारा ‘काठी’ म्हणत नाही, ‘वर’ म्हणतो, कारण त्याला काठापलीकडचे काहीतरी सुचवायचे आहे.

ते काय, हे वाक्यात लिहिलेले नसते. घर विकणाऱ्या दलालाच्या तोंडी ‘खाडीवर’ म्हणजे वारा आणि वाढीव दर. चेंदणी कोळीवाड्यात वाढलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडी तो हक्क असू शकतो. पावसाळ्यात भिंतींना येणाऱ्या ओलीला वैतागलेल्या सुनेच्या तोंडी तोच शब्द तक्रार बनतो. येथून व्यंजना, म्हणजे न लिहिलेला अर्थ सुचवण्याची शब्दाची शक्ती, सुरू होते; असा सुचवलेला अर्थ म्हणजे व्यंग्यार्थ. याच ग्रंथात ‘सूर्य मावळला’ एवढ्या साध्या वाक्याची चर्चा आहे: कोणी ते म्हटले तर गुरे घराकडे वळवण्याची वेळ झाली असा अर्थ निघतो, कोणी म्हटले तर विकायला मांडलेला माल आवरावा असा, आणि वाट पाहणाऱ्या स्त्रीला मात्र प्रिय माणूस आजही आला नाही असे कळते. वाच्यार्थ सर्वांना एकच. व्यंग्यार्थ बोलणाऱ्याप्रमाणे आणि ऐकणाऱ्याप्रमाणे पालटतो. बोलणारा कोण हे ठाऊक नसेल, तर व्यंग्यार्थापर्यंत पोहोचण्याचा रस्ताच उरत नाही.

अलंकारांच्या नावांचा उपयोग किती

उपमेची चार अंगे शाळेत शिकवतात: उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द. पात्र समजून घ्यायचे असेल तर यांतले उपमान सर्वांत बोलके असते, कारण उपमेय बहुतेक वेळा प्रसंगाने ठरलेले असते, उपमान मात्र बोलणारा आपल्या अनुभवाच्या साठ्यातून काढतो. म्हणून उपमान कोणत्या जगातून आले, स्वयंपाकघरातून, शेतातून, कचेरीतून की देवळातून, हे आधी लिहून काढावे.

अलंकारांतले फरक पाठ करण्यापेक्षा बोलणाऱ्याची खात्री किती, या दृष्टीने ते पाहावेत. उपमेत दोन वस्तू सारख्या आहेत एवढेच तो म्हणतो. उत्प्रेक्षेत ‘जणू’ येतो, म्हणजे एक वस्तू दुसरीच असावी असे त्याला वाटते, पण वाटण्याची जाणीव शाबूत असते. रूपकात ही जाणीवही जाते आणि दोन्ही एकच होतात. अपन्हुतीत तर समोरचे सत्य नाकारून त्या जागी दुसरेच काही ठेवले जाते. एखादे पात्र वारंवार ‘हे अमुक नव्हेच, हे तर तमुक’ असे बोलू लागले, की ते कशाकडे बघायचे टाळते आहे हे तपासावे. बाकी यमक, अनुप्रास वगैरे शब्दालंकार पात्राच्या शोधात क्वचितच उपयोगी पडतात. ते कानाने ऐकावेत आणि पुढे जावे.

वाक्प्रचारांविषयी एक सावधगिरी हवी. पोटात कावळे ओरडले किंवा कोणी कंबर कसली, तर तिथे अर्थ खणत बसू नये. ही रूपके वापरून गुळगुळीत झालेली असतात आणि बोलणाऱ्यालाही ती रूपके म्हणून जाणवत नाहीत. लेखकाने मुद्दाम त्यांना धक्का दिला असेल, म्हणजे पुढच्याच ओळीत खराखुरा कावळा आणून बसवला असेल, तरच थांबावे.

एक उतारा, सावकाश

रीत प्रत्यक्ष कशी चालते हे दाखवण्यासाठी पुढचा उतारा याच लेखासाठी रचला आहे.

‘सकाळी दहाच्या सुमारास सिडकोच्या जुन्या घरातून सामान नव्या फ्लॅटमध्ये आले, तेव्हा ओहोटी होती. अण्णा खिडकीशी उभे राहिले. “पाणी बघ कसं. काढता काढता खात्यात उरावं, तेवढंच राहिलंय.” सुमनताईंनी काच सरकवून लावून घेतली. “खारी हवा आहे. पापड सादळतील.” “आई, या खिडकीचेच तर पैसे मोजलेत,” प्रशांत म्हणाला, “ही खिडकी म्हणजे आपली एफडी आहे.” अण्णा काही बोलले नाहीत. सुमनताईंनी पापडांचा डबा उघडून पाहिला आणि पुन्हा घट्ट लावला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना जाग आली, तेव्हा काचेपलीकडे खाडी भरली होती. गेलेले सगळे व्याजासकट परत आले होते.’

वाच्यार्थ अवघड नाही: कुटुंबाने घर बदलले, तिघांनी एकाच खिडकीविषयी तीन गोष्टी म्हटल्या, दुसऱ्या दिवशी भरती आली. आता उपमाने पाहावीत. अण्णांचे उपमान बँकेच्या खात्यातले आहे, आणि तेही रिकाम्या होत आलेल्या खात्यातले. प्रशांतचे उपमान त्याच जगातले असूनही वेगळ्या दिशेचे आहे: मुदत ठेव वाढत जाते, ‘काढता काढता उरलेले’ घटत जाते. शिवाय अण्णा ‘तेवढंच’ म्हणून दोन गोष्टी शेजारी ठेवतात आणि थांबतात; मुलगा ‘म्हणजे’ म्हणतो आणि रूपक करून मोकळा होतो. त्याच्या बोलण्यात शंकेला जागा नाही. नव्या घरात वडिलांची शिल्लक गेली असावी, असा तर्क येथे करता येतो. ‘असावी’ हा शब्द मात्र सोडू नये, कारण उताऱ्यात व्यवहाराचा एकही आकडा नाही, फक्त दोन तुलना आणि मुलाच्या वाक्यानंतरचे अण्णांचे गप्प राहणे आहे.

सुमनताई एकही तुलना करत नाहीत. घाईचा वाचक त्यांना व्यवहारी, रुक्ष गृहिणी ठरवून पुढे जाईल. वास्तविक तिघांत खाडीला खाडी म्हणून वागवणारे हे एकच माणूस आहे: हवा खारी आहे आणि ती पापडांना लागते. ज्या पात्राची भाषा निरलंकार असते त्याच्याकडे वाचकाने विशेष लक्ष द्यावे, कारण अशा पात्राचे मन त्याच्या कृतीत उतरते. बंद डबा उघडून पाहणे आणि पुन्हा घट्ट लावणे या कृतीत आधीच्या घरातून काय काय नीट पोहोचले याची जी धास्ती आहे, ती संवादात आणली असती तर बटबटीत झाली असती.

सर्वांत रंजक जागा शेवटून दुसऱ्या वाक्यात आहे. ‘पहाटे त्यांना जाग आली’, कोणाला? लगेच आधीच्या वाक्याची कर्ती सुमनताई आहेत, आणि मराठीतला आदरार्थी ‘त्यांना’ स्त्री-पुरुष दोघांनाही चालतो. व्याकरणाने हा प्रश्न सुटत नाही. तो उपमानाने सुटतो. ‘व्याजासकट’ हा शब्द पापडांच्या डब्याजवळचा नाही, खात्याजवळचा आहे. जाग अण्णांना आली आहे. हे वाक्य वरवर निवेदकाचे असले, अवतरणचिन्हांच्या बाहेर असले, तरी त्यातली नजर अण्णांची आहे. चांगल्या कथेत निवेदक असा अधूनमधून पात्राच्या डोळ्यांनी पाहू लागतो आणि तसे सांगतही नाही. ‘वर्णन लेखकाचे, संवाद पात्राचे’ हा शाळेतला नियम तेव्हा पुरा पडत नाही, आणि निवेदनातले उपमान कोणत्या पात्राच्या साठ्यातले आहे हेच ओळखावे लागते.

अजून एक थर आहे, आणि तो खाडी ठाऊक असलेल्यालाच सहज दिसेल. भरती-ओहोटी दिवसातून साधारण दोनदा येते. एका ओहोटीपासून पुढच्या भरतीपर्यंत सहा तासांच्या थोडे वर वेळ जातो. सकाळी दहाला उतरलेले पाणी दुपारी चार-साडेचारला एकदा भरून रात्री पुन्हा ओसरले असणार, आणि पहाटेचे हे पाणीही अकराच्या सुमारास परत जाणार. अण्णांनी दुपारी पाहिले नाही, पहाटे पाहिले, आणि गेलेले सगळे परत आले असे त्यांना वाटले. निवेदक त्यांना दुरुस्त करत नाही. वाचकाला मात्र हे व्याज किती वेळ खात्यात राहणार ते कळते, आणि पात्राला ठाऊक नसलेले वाचकाला ठाऊक असण्यातून जो उपरोध तयार होतो, तो येथे एकही टोमणा न मारता साधला जातो.

उपमान बदलून पाहणे

आपला अर्थ ओढूनताणून लावलेला तर नाही, हे तपासायला एक सोपी कसोटी आहे: उपमान बदलून वाक्य पुन्हा वाचावे. अण्णांच्या तोंडी ‘पाणी बघ कसं निजलंय’ असे घातले, तर दृश्य तेच राहते, चित्र कदाचित अधिक काव्यमय होते, पण प्रशांतच्या वाक्याशी असलेला ताण नाहीसा होतो आणि पहाटेच्या ‘व्याजासकट’ला आधार उरत नाही. म्हणजे मूळ उपमान कथेत काम करत होते. उलट एखाद्या वर्णनात चांदण्याला दुधाऐवजी पिठाची उपमा देऊनही कुठे काही बिघडत नसेल, तर ती उपमा सजावटीची आहे असे निःशंकपणे म्हणावे. प्रत्येक ओळीला खोली असलीच पाहिजे असे नाही. नामवंतांच्या लेखनातही भरताड उपमा सापडतात.

अर्थाला मर्यादाही घालून घ्यावी. ‘अण्णा पूर्वी बँकेत कारकून होते’ असे या उताऱ्यावरून लिहिणे अतिरेकाचे होईल. ‘अण्णा तोट्याचा विचार खात्याच्या भाषेत करतात’ एवढे लिहिण्याचा आपल्याला अधिकार आहे. याच जातीचे उपमान पुढे पुन्हा पुन्हा आले तर दावा वाढवावा. एकदाच आले तर तो प्रसंगापुरता ठेवावा.

संवादांत काय ऐकावे

पात्रे नेहमी तुलनेनेच उघड होतात असे नाही. मराठी संवादात तिरकस बोलण्याची परंपरा मोठी आहे. लेकी बोले सुने लागे हा तर घराघरातला अन्योक्तीचा प्रयोग: शब्द एकीला उद्देशून, नेम दुसरीवर. असा संवाद वाचताना बोलणारी, जिला उद्देशून बोलले ती आणि जिला लागले ती, अशा तिघींची नावे समासात लिहावीत. तिसरे नाव सापडले की प्रसंग उलगडतो. ‘काय पण वेळेवर आलात!’ यासारख्या वाक्यात शब्दाच्या नेमका उलट अर्थ घ्यावा लागतो. त्याला विपरीत लक्षणा म्हणतात, आणि ती कळण्यासाठी घड्याळात किती वाजले हे आधीच्या पानावर पाहावे लागते.

‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांच्या अदलाबदलीकडेही कान असावा. नेहमी ‘तू’ म्हणणारा मोठा भाऊ वाटणीच्या दिवशी ‘तुम्ही’ म्हणू लागला, तर त्या एका सर्वनामात अर्धे प्रकरण आलेले असते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील गावांवर लिहिलेल्या कथांत आगरी किंवा कोळी बोलीतले संवाद असतात. त्यांना अशुद्ध मराठी समजून मनातल्या मनात सुधारत वाचणे हा त्या पात्रावरचा अन्याय आहे. ते पात्र कोणाशी बोलीत बोलते आणि कोणासमोर प्रमाण भाषेकडे वळते, याची नोंद ठेवावी. जमिनीच्या मोबदल्यासाठी साहेबासमोर बसल्यावर जे पात्र भाषा बदलते आणि जे बदलत नाही, ती दोन वेगळी माणसे आहेत, आणि लेखकाने ते विशेषणाविना सांगितलेले असते.

नाटकात निवेदक नसतो, त्यामुळे तिथे प्रत्येक तुलनेला धनी असतोच. ठाण्याच्या गडकरी रंगायतनात नाटक पाहताना एकच पात्र निवडून त्याची उपमाने ध्यानात ठेवण्याचा सराव करून पाहावा. पहिल्या अंकात आणि शेवटच्या अंकात त्याची उपमाने एकाच जगातली आहेत का, हे मध्यंतराच्या गप्पांहून पुष्कळ अधिक सांगते. कवितेत याच्या उलट अडचण येते. तिथे ‘मी’ बोलतो आणि वाचक त्याला थेट कवी समजतो. कवितेतला ‘मी’ हेही एक पात्र मानावे, त्याचे वय, जागा आणि ऐकणारा कोण हे ओळींतून शोधावे, आणि कवीचे चरित्र तोवर बाजूला ठेवावे.

सरावासाठी

हिवाळ्यात ठाणे खाडीत फ्लेमिंगो येतात आणि उन्हाळ्यापर्यंत राहतात; खाडीचा हा भाग 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि 2022 मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आला. या थव्याचे तीन वाक्यांत वर्णन लिहावे, पण तिन्ही वाक्ये वेगवेगळ्या माणसांच्या नजरेतून: मासळी विकणारी बाई, वाशीच्या बाजारसमितीतला फळांचा व्यापारी आणि गणवेशातली शाळकरी मुलगी. नियम एवढाच की कोणाचे नाव किंवा व्यवसाय लिहायचा नाही; वाचणाऱ्याने केवळ उपमानावरून माणूस ओळखावा. मासळीवालीला त्या रंगात उकडलेली कोळंबी दिसली, तर ती तुलना नुसती खमंग ठरत नाही. फ्लेमिंगोचा गुलाबी रंग त्यांच्या खाण्यातल्या शेवाळातून आणि बारीक कोळंबीसारख्या जीवांतून मिळणाऱ्या रंगद्रव्यांचाच असतो. पात्राच्या धंद्यातले ज्ञान असे एखाद्या उपमेत नकळत खरे ठरते, तेव्हा वाचक त्या पात्रावर विश्वास टाकतो.

दुसरा सराव वाचनालयातला आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून चालू आहे. तिथून किंवा जवळच्या कोणत्याही वाचनालयातून एक कथासंग्रह आणावा, एकच कथा निवडावी आणि दोन रकान्यांची वही करावी. डावीकडे उपमान, उजवीकडे ते कोणाच्या नजरेतले. निवेदनातली उपमानेही सोडू नयेत. उजवा रकाना जिथे रिकामा राहतो तिथे प्रश्नचिन्ह लिहावे आणि कथा संपल्यावर त्या जागा पुन्हा वाचाव्यात. पहिल्या वाचनात डावा रकाना लांबलचक होतो, उजवा विरळ राहतो; तसे झाले तर बिचकू नये.

उत्तर लिहिताना

परीक्षेतल्या उत्तरात अलंकाराचे नाव लिहायचेच आहे, कारण त्याला गुण असतात. पण ते वाक्याच्या शेवटी न ठेवता सुरुवातीला उरकून घ्यावे, म्हणजे उरलेल्या वाक्यात अर्थ लिहिण्यावाचून गत्यंतर राहत नाही. वरच्या उताऱ्यावर ‘लेखकाने खाडीला खात्याची सुंदर उपमा दिली आहे’ असे न लिहिता पुढीलप्रमाणे लिहिता येईल: ‘ओहोटीच्या पाण्याला रिकाम्या होत आलेल्या खात्याची उपमा अण्णा देतात, तर प्रशांत त्याच खिडकीला मुदत ठेव म्हणतो, दोघांची उपमाने पैशाच्याच व्यवहारातली असली तरी एकात उरलेल्याची काळजी आहे आणि दुसऱ्यात वाढीची खात्री, त्यामुळे नव्या घराविषयी बाप-लेकांत असलेले अंतर भांडणावाचून कळते.’ यात ‘सुंदर’ हा शब्द कुठेही नाही, उताऱ्यातल्या दोन जागांचा पुरावा आहे, आणि हे वाक्य दुसऱ्या कोणत्याही उताऱ्याच्या उत्तरात बसणार नाही.